एकाच हातातला रिमोट

माझा धंदा नेमका काय आहे, हे भंडाऱ्यात अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. मोठ्या घरांमधले टीव्ही, एसी, पडदे, दिवे, गाण्याचे स्पीकर हे सगळं एका रिमोटवर आणून द्यायचं, आणि कुठलं बटन दाबलं की काय करायचं ते त्या रिमोटला शिकवायचं, हे माझं काम. शेजारच्या काकू मला 'टीव्हीवाली' म्हणतात आणि बिघडलेला मिक्सर हक्कानं आणून देतात. वडिलांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेली, आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलो. खोलीला एक बोर्ड, ज्याला उजेड हवा तो उठायचा. माझं काम मी वडिलांना पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लोकाइले उठाचा कंटाळा येते, आन् त्यावर तुह्यं पोट चालते. चांगलं आहे." त्यानंतर मी घरात कुणाला समजावायला गेले नाही.

तुमसरच्या त्या घरचा फोन उन्हाळ्याच्या तोंडावर आला. बोलणारे एका राइस मिलचे मालक होते.

"मॅडम, नागपूरले आमच्या व्याह्याकडं थे आपोआप सरकणारे पडदे तुम्हीच लावले ना?"

"हो काका."

"मंग आमच्याकडं या. आमच्याकडं पडद्यासोबत सगळंच सरकलं पाहिजे."

एवढ्यात मला पुरती हकिकत समजली. मालकांच्या मुलाचं लग्न झालेलं होतं, सून नागपूरची होती, आणि व्याह्यांच्या दिवाणखान्यात चहा पिताना ते पडदे सरकताना पाहिल्यापासून मालकांच्या पोटात जे काही सरकलं होतं, ते पुन्हा जागेवर यायला तयार नव्हतं.

मालक मूळचे नाकाडोंगरीकडचे शेतकरी. धान विकता विकता धान विकत घेणारे झाले, मग मिल घातली, आणि आता मिलच्या कोंड्याची धूळ पोचणार नाही इतक्या अंतरावर बंगला बांधला होता. बंगला बघण्यासारखा होता. म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तो बघायलाच लागायचा. चपला काढल्यापासून मालक सोबत फिरायचे आणि फरशी कुठली, छताला रंगीत दिवे किती, हे सांगायचे. खाली हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि त्यांची नवरा-बायकोची खोली. वर मुलाची आणि सुनेची खोली, पाहुण्यांची खोली, आणि सिनेमा बघण्यासाठी म्हणून काळ्या भिंतींची एक खास खोली, जिच्यात सध्या तांदळाच्या नमुन्यांची पोती ठेवली होती.

हॉलच्या मधोमध एक मोठी खुर्ची होती. तिथून गेट दिसायचं, स्वयंपाकघराचं दार दिसायचं, जिना दिसायचा, देवही दिसायचा. देवाला बहुधा मालकही दिसत असावेत आणि तो जपूनच राहत असावा.

"इथं बसून मले सगळं दिसते," मालक त्या खुर्चीत बसत म्हणाले. "आता इथं बसून सगळं झालं पाहिजे. वरच्या खोलीतला एसी, सयपाकघरातला पंखा, पडदे, देवघरातली आरती, गेट. सगळं."

मी म्हटलं, "काका, हे सगळं फोनवरही करता येतं. म्हणजे घरातला प्रत्येक जण आपापल्या फोनवरून आपापल्या खोलीचं बघेल."

ते हसले. लहान मुलानं काही निष्पाप बोलावं तसं हसले. "फोन तं सगळ्याइकडंच आहे, मॅडम. मंग मालक कोण?"

मी दुसरा सल्ला दिला, की निदान भिंतीवरची साधी बटनं राहू द्या. त्यालाही ते तयार होईनात. "बटनं ठेवली तं फरक काय राह्यला? व्याह्याच्या भिंतीले पाहा, कशी साफ आहे." बरीच घासाघीस झाल्यावर प्रत्येक खोलीत एक दिवा आणि एक पंखा, एवढ्यापुरती बटनं ठेवायची परवानगी मिळाली, तीही दाराच्या मागे, पाहुण्यांना दिसणार नाहीत अशी. घरात कुणाला लाजिरवाणा आजार असावा तशी ती बटनं लपवली गेली.

काम सुरू झालं. या कामात पाहण्यासारखं काही नसतं. घरातले सगळे जुने रिमोट गोळा करायचे, एकेक रिमोट नव्या रिमोटच्या तोंडासमोर धरायचा, जुन्याचं बटन दाबायचं, म्हणजे नवा त्याच्याकडून ते शिकून घेतो. मग प्रत्येक खोलीत एक छोटा डबा बसवायचा. मालक खालून बटन दाबणार, तो निरोप घरातल्या वायफायवरून वरच्या डब्याला पोचणार, आणि डबा एसीला सांगणार. घरात कुणी कुणाला तोंडानं सांगायचं नसलं की एवढी व्यवस्था लागते.

काकू, म्हणजे मालकांच्या पत्नी, रोज माझ्याजवळ येऊन बसायच्या. हातात लसूण नाहीतर मेथी असायची. बोलायच्या कमी. मधूनच बोट दाखवायच्या. "हे कायचं बटन, बेटा?" मी सांगायचे. त्या मान हलवायच्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागायच्या. दुसऱ्या दिवशी वेगळं बटन.

एकदा मी विचारलं, "काकू, तुमच्या खोलीतल्या टीव्हीचा जुना रिमोट कुठे आहे? सापडत नाहीये."

"त्याइच्या उशीखाली असन."

"आणि तुम्हाला टीव्ही बघायचा असला की?"

"मी नाही पाहत. त्याइनं लावलं तं पाहतो आम्ही सगळे. बाजारभाव, बातम्या, कुस्त्या." मग लसणाचं टरफल फुंकून त्या म्हणाल्या, "पहिला टीव्ही माह्या माहेरून आला होता लग्नात. माह्या बापानं बैलबंडीवर बसवून आणला. टीव्ही माह्या माहेरचा, आन् रिमोट सासरचा. मले आजपावेतो हातात नाही भेटला."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. गावात नदी आहे, स्टेशन जरा लांब आहे, तसं सांगितलं.

मी त्या घरात फक्त रिमोटला शिकवायला गेले होते, पण हळूहळू लक्षात आलं की घरातल्या प्रत्येकाला माझ्याशी एकट्यानं बोलायचं आहे. पहिले मालकच आले. दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, वरती सूनबाईच्या खोलीत एसी सोळावर राहते. सोळा! हा तुमसर आहे का शिमला? मले इथून त्याले सव्वीसवर आणता आला पाहिजे. तिले समजलं नाही पाहिजे."

मी म्हटलं, "गरम व्हायला लागलं की समजेलच ना, काका."

"मंग समजू द्या. कोणं केलं थे समजलं नाही पाहिजे."

जणू घरात एसी सव्वीसवर आणणारे बरेच जण राहत होते.

दुपारी सून जिन्यात भेटली. "ताई, प्लीज, आमच्या रूमचं बाबांच्या रिमोटमध्ये टाकूच नका ना. म्हणजे टाका, पण चालायला नको." संध्याकाळी मुलगा मला गेटपर्यंत सोडायला आला. तो मिलमध्ये वडिलांच्या हाताखाली काम करायचा. वडील नसतील तेव्हाही त्यांच्या खुर्चीत न बसता बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, आमच्या खोलीचं काही करता येते का पाहा. मी सांगतलं म्हणून नोका सांगू." एकूण घर अतिशय एकमताचं होतं. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती दुसऱ्याला समजायला नको होती.

मी मालकांचंच ऐकलं. बोलावलं त्यांनी होतं.

मग रिमोटवर मोठी बटनं बसवली. एकेका बटनात दहा कामं. 'स्वागत' दाबलं की हॉलचा एसी आणि टीव्ही सुरू, पडदे उघडे, रंगीत दिवे चालू, आणि स्पीकरवर मंद सनई. 'पूजा' दाबलं की देवघरातले दिवे लागणार आणि आरती सुरू होणार. आरतीला उभं राहणं तेवढं माणसांवर सोडलं होतं. 'झोप' दाबलं की घर बंद. मालकांनी 'झोप' दिवसभर इतक्या वेळा दाबून पाहिलं, की स्वयंपाकघरात काकूंच्या डोक्यावरचा दिवा सारखा जायचा आणि त्या फोडणी थांबवून वाट बघत उभ्या राहायच्या.

व्याह्यांना खास जेवायला बोलावलं. मलाही थांबवून घेतलं. काही अडलं तर म्हणून, आणि नाही अडलं तर दाखवायला म्हणून. नागपूरहून व्याही आणि विहीणबाई आल्या. मालकांनी नवा कुर्ता घातला होता आणि रिमोट त्याच्या खिशात होता. पाहुणे सोफ्यावर टेकले. मालक खुर्चीत बसले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "आमच्याकडं काही उठायचं काम नाही, व्याहीबुवा. पाहा."

त्यांनी 'स्वागत' दाबलं.

हॉलचा एसी बंद झाला. टीव्ही बंद झाला. पडदे सरकले आणि मिटले. छताचे रंगीत दिवे मालवले. त्या अंधारात सनई तेवढी मन लावून वाजू लागली.

झालं होतं ते असं. काही यंत्रांना चालू करायचं वेगळं आणि बंद करायचं वेगळं बटन नसतंच. एकच बटन, बंद असेल तर चालू होतं, चालू असेल तर बंद. रिमोट बिचारा धरून चालतो की सगळं बंद आहे. आणि सुनेनं, आपले आईवडील उन्हातून येताहेत म्हणून, जुन्या रिमोटनं हॉल आधीच गार करून, टीव्ही आणि रंगीत दिवे लावून, पडदे उघडून ठेवले होते. एवढंच. कुणाचं चुकलेलं नव्हतं. एका मुलीनं आईबापांसाठी एसी लावला होता.

मालकांनी पुन्हा 'स्वागत' दाबलं. एसी, टीव्ही, पडदे, दिवे सगळं चालू झालं आणि सनई बंद पडली. यावर खरं तर थांबता आलं असतं. पण सनईशिवाय स्वागत त्यांना मंजूर नव्हतं. तिसऱ्यांदा दाबलं. पुन्हा अंधार आणि सनई. मी उठून जवळ जाईपर्यंत त्यांनी घाईत 'पूजा' दाबलं आणि सनईवर आरती चढली. विहीणबाई श्रद्धाळू होत्या. त्या अंधारात हात जोडून उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून व्याही उभे राहिले, मग सगळेच. आरती संपेपर्यंत आम्ही घामाघूम होऊन उभे होतो.

"आमच्याकडं पहिल्यांदा असंच झालं होतं," व्याही खाली बसत म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी सहानुभूती होती की मालकांचे कान लाल झाले.

पाहुणे गेल्यावर मी मालकांना कारण समजावलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि त्यातून आपल्याला हवं तेवढंच घेतलं. "म्हणजे बाकीच्याइनं हात लावला का हे बिघडते. बरोबर?"

"तसं नाही काका. घरात लोक आपापलं लावणारच. मी रिमोटला सांगते की आधी तपासून..."

"नाही, नाही. मंग हात लावूच नाही द्यायचा कोणाले."

त्या संध्याकाळी घरातले झाडून सगळे जुने रिमोट तांदळाच्या एका प्लास्टिक पिशवीत भरले गेले. पिशवीवर त्यांच्याच मिलचा शिक्का होता. ती त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेली. सून माझ्याकडे बघत होती, मुलगा फरशीकडे. काकू पिशवी कपाटात ठेवायला नवऱ्याच्या मागोमाग गेल्या, कारण कपाटात जागा करणं हे त्यांचं काम होतं.

पुढचे काही आठवडे मला त्या घरून फोन नव्हता. धंद्यात आम्ही याला काम उत्तम झालं असं समजतो.

मग मे महिन्याच्या ऐन उन्हात काकूंचा फोन आला. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता. "बेटा, तू येतं का? इथं मोठी गंमत होऊन राहिली."

उन्हाळी धान निघालं होतं. मळणीसाठी मालक नाकाडोंगरीला भावाकडे गेले होते, आणि सवयीप्रमाणे रिमोट खिशातच होता. मिलला जातानाही ते तो घेऊन जायचे. घराबाहेर गेला की तो रिमोट म्हणजे साबणाची वडी, पण खिशात असला की त्यांना घर खिशात असल्यासारखं वाटायचं. शेताकडे फोनला नेटवर्क नव्हतं. इकडे घरात दाराआडचा एक दिवा आणि एक पंखा सोडला, तर बाकी सगळं गप्प होतं. एसीला स्वतःचं एक बारीक बटन असतं, पण ते वर असतं आणि शिडी मिलमध्ये होती. पडदे मालक जाताना मिटून गेले होते, ते मिटलेलेच होते. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आणि तुमसरमधल्या सगळ्यात महागड्या बंगल्यात सासू आणि सून फरशीवर ओला टॉवेल पसरून बसल्या होत्या. कूलर नव्हता. कूलर हलकं दिसतं म्हणून मालकांनी तो नोकराला देऊन टाकला होता.

मी पोचले तेव्हा सून रडकुंडीला आली होती. "ताई, तुम्ही तुमच्या लॅपटॉपवरून सुरू करा ना सगळं. तुम्हाला तर येतं."

येत होतं. मी बॅग उघडली सुद्धा. काकू म्हणाल्या, "थांब. तू केलं तं तुह्यावर येईन. तू फक्त बसून राह्य. मले काही विसरलं तं सांगजो."

त्या आत गेल्या. कमरेला खोचलेला चाव्यांचा जुडगा काढल्याचा आवाज आला, मग कपाटाच्या दाराचा. मालकांनी कपाटाला कुलूप लावलं होतं खरं, पण त्या घरात एखाद्या कुलपाची चावी काकूंकडे नसेल, असं समजणारे मालक एकटेच होते.

त्यांनी पिशवी हॉलमध्ये आणून फरशीवर ओतली आणि मांडी घालून बसल्या. एकेक रिमोट उचलला. "हा वरच्या एसीचा. घे." सुनेच्या ओंजळीत दिला. "हा तुमच्या टीव्हीचा. हा पडद्याचा. हा सयपाकघरातल्या पंख्याचा, माह्याकडं ठेवतो." संक्रांतीचं वाण वाटावं तसं त्यांनी ते वाटलं. एकाही रिमोटच्या बाबतीत त्या अडखळल्या नाहीत. मुलगा जेवायला मिलमधून आला, दारातच थबकला. आईनं त्याच्याही हातात दोन दिले. "बाबा काय म्हणतीन?" त्यानं विचारलं.

"काय म्हणतीन थे आल्यावर म्हणतीन. आता एसी लाव आन् जेवाले बस."

हॉलचा टीव्ही काकूंनी स्वतः लावला. रिमोट दोन्ही हातांनी धरला होता, पूजेचं तबक धरतात तसा. चॅनल बदलत बदलत त्या खूप पुढे गेल्या, मग परत मागे आल्या, आणि एक बाई कुठल्याशा समुद्रकिनारी मासळी शिजवताना दिसल्या तिथे थांबल्या. काकू शाकाहारी होत्या. त्यांनी तो कार्यक्रम संपेपर्यंत पाहिला.

मालक तिसऱ्या प्रहरी परतले त्या दिवशी मी नव्हते. पुढचं मला सुनेनं सांगितलं. धुळीनं भरलेले मालक आले, हात-पाय धुतले, खुर्चीत बसले आणि त्यांनी 'स्वागत' दाबलं. पुन्हा तेच. चालू होतं ते बंद झालं, बंद होतं ते चालू झालं. पण या वेळी आणखी एक गोष्ट झाली. प्रत्येकानं आपापला रिमोट उचलला आणि आपापलं पुन्हा होतं तसं करून घेतलं. मालकांनी दाबलं, त्यांनी परत केलं. असं बराच वेळ चाललं. सून म्हणाली, "ताई, मी हसू नये म्हणून पदर तोंडात धरला होता."

दुसऱ्या दिवशी मला फर्मान आलं. मी गेले तेव्हा मालक खुर्चीत होते, काकू सोफ्यावर मेथी निवडत होत्या.

"मॅडम, हे बिघडलं आहे," मालक रिमोट माझ्यापुढे धरून म्हणाले.

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "बिघडलं नाही. घरात माणसं राहून राहिले, म्हणून तसं होते."

मालकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत काकूंनी त्यांच्या वाक्याला पाहुण्यांसमोर उत्तर दिल्याची ती पहिलीच वेळ असावी. "मंग या घराचा मालक कोण?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा होता, पण प्रश्न खराच विचारल्यासारखा वाटला.

"मिलचे तुम्ही," काकू मेथीची काडी बाजूला टाकत म्हणाल्या. "गेटचे बी तुम्हीच."

मालक उठले आणि मिलमध्ये निघून गेले. दोन दिवस जेवायलाही घरी आले नाहीत. काकूंनी डबा पाठवला; तो रिकामा होऊन परत आला, त्यामुळे घरात कुणी फार काळजी केली नाही. मग ते आले. मिलच्या ऑफिसात टीव्ही नव्हता, आणि तिथे ज्यांना हुकूम सोडायचे ते सगळे संध्याकाळी आपापल्या घरी जात होते.

मला पुन्हा बोलावणं आलं. "करा थे म्हणते तसं," मालक माझ्याकडे न बघता म्हणाले. "ज्याच्या खोलीचं त्याच्याकडं. पण माह्या रिमोटवर सगळ्या खोल्या दिसल्या पाहिजे. त्या काढाच्या नाही."

मी पेचात पडले. खोल्या दिसल्या म्हणजे चालणार, आणि चालल्या म्हणजे पुन्हा सोळा आणि सव्वीस. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर काकू मागून आल्या. "तुले काय अडचण आहे?"

मी सांगितलं.

"दिसू दे त्याइले," त्या म्हणाल्या. "होऊ नोको देऊ."

हे माझ्या इतक्या वर्षांच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम होतं, आणि मी ते प्रेमानं केलं. मालकांच्या रिमोटवर सुनेच्या खोलीचं चित्र तसंच ठेवलं. 'सव्वीस' दाबलं की पडद्यावर ठळक सव्वीस उमटायचं, निळा उजेड लुकलुकायचा, आणि रिमोट समाधानानं टुंग असा आवाज करायचा. वरच्या खोलीत काहीही व्हायचं नाही. हॉल आणि गेट मात्र खरंच त्यांच्या हातात ठेवलं, आणि 'स्वागत' आता आधी तपासून मगच चालू करेल असं शिकवलं. हे मी पहिल्याच दिवशी सुचवत होते, पण त्याबद्दल मी काही बोलले नाही. लोकांनी ऐकलं नाही तरच आम्हाला दुसऱ्यांदा बोलावतात.

त्यानंतर दिवाळी झाल्यावर एकदा तिकडे गेले होते, गेटच्या मोटरचं काही काम होतं म्हणून. मालक खुर्चीत बसले होते. हवा बदलली होती, खांद्यावर शाल होती. त्यांनी माझ्यासमोर रिमोट काढला, सुनेची खोली उघडली आणि सव्वीस दाबलं. टुंग. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे काही होत नाही. मले मालूम आहे."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

"जून महिन्यात वरच्या गच्चीवर रजई वाळत होती," ते म्हणाले. "सव्वीसवर कोणी रजई घेते का? मी काही पोट्टं आहो का, इतकं बी समजत नाही?"

"मग काका, दाबता कशाला?"

त्यांनी थोडा विचार केला. "दाबलं का बरं वाटते," ते म्हणाले. "आन् तुमच्या काकूले नोका सांगू, मले समजलं म्हणून. तिले वाटते मी फसलो. वाटू द्या."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मालक एकदम सरळ बसले, चेहऱ्यावर मिलमध्ये असतो तसा करडेपणा आणला, आणि रिमोट जिन्याकडे रोखून पुन्हा सव्वीस दाबलं. "सूनबाईचा एसी कमी केला मी," ते मोठ्यानं म्हणाले. "झाला का पाह्य."

दिवाळीनंतरच्या त्या थंडीत वर एसी लागलेलाच नव्हता. काकूंनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कपबशी त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "झाला असन."

मी चहा प्यायले. गेटची मोटर तोवर थंड झाली होती, ती सुरू करून पाहिली, आणि भंडाऱ्याची गाडी पकडायला निघाले.